उमेदवारी, पदवी आणि मापाची भाषा

'उमेदवार' हा शब्द आज मराठीत निवडणुकीच्या निमित्तानेच अधिक ऐकू येतो. त्याचा जुना अर्थ निराळा आहे. कचेरीत, पेढीवर किंवा कारागिराच्या हाताखाली अल्प वेतनावर, प्रसंगी वेतनाविनाही राबणारा, आणि पुढेमागे कायमची जागा मिळेल या आशेवर दिवस काढणारा तो उमेदवार. फारसी 'उमेद' म्हणजे आशा; तेव्हा या शब्दात शिकण्याचा निर्देश मुळात नाहीच, आहे तो केवळ वाट पाहण्याचा. १९६१ च्या केंद्रीय कायद्याच्या संदर्भात मराठीत 'शिकाऊ उमेदवार' असा जोडशब्द वापरावा लागला, याचे कारण हेच असावे. याउलट इंग्रजी 'अप्रेंटिस' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील 'शिकणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ 'पकडणे, ग्रहण करणे' असा आहे. एकाच अवस्थेकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिले. एकीला शिष्याची आशा दिसली, दुसरीला त्याची पकड.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून 'पदवी-उमेदवारी' नावाची एक शिक्षणपद्धती चालू झाली. तीत उमेदवार हा एखाद्या संस्थेचा पगारी नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो. पगार मालक देतो. अध्यापनाचा खर्च मालक आणि शासन यांच्याकडून भागतो. विद्यार्थ्याला शुल्क पडत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याला त्याच पदवीसाठी २०१७ पासून वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत आणि २०२५ मध्ये ९,५३५ पौंडांपर्यंत शुल्क आकारले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. या खर्चाच्या तरतुदीसाठी एप्रिल २०१७ पासून, ज्यांचा वार्षिक वेतनखर्च तीस लाख पौंडांहून अधिक आहे अशा मालकांवर अर्धा टक्का पट्टी बसविण्यात आली. ज्या व्यवसायांनी ही पद्धती उत्साहाने स्वीकारली त्यांत बांधकामाच्या परिमाणांची आणि खर्चाची मोजदाद करणारा 'क्वांटिटी सर्व्हेयर'चा व्यवसाय मोडतो. हा इंग्रजी शब्दच मराठीतही चालतो. येथे सोयीसाठी त्याला 'परिमाण-मापक' किंवा नुसते 'मापक' म्हटले आहे. मापकाच्या शिक्षणाचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावा असे त्यात काय आहे, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, हा व्यवसाय बाहेरून आकड्यांचा दिसत असला तरी आतून तो वर्णनांचा आहे, आणि नवशिक्याला सर्वाधिक काळ लागतो तो ही वर्णने वाचण्यास व लिहिण्यास.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये इमारतीचा मालक गवंडी, सुतार, रंगारी अशा प्रत्येक धंद्याच्या कारागिराशी वेगळा करार करीत असे. काम उरकले की त्या त्या धंद्याचा माहितगार येऊन ते मोजी आणि त्याप्रमाणे दाम चुकते होई. एकोणिसाव्या शतकात सर्व धंद्यांचे काम एकट्याने अंगावर घेणारा ठेकेदार पुढे आला आणि काम सुरू होण्यापूर्वीच एकरकमी किंमत सांगण्याची स्पर्धा सुरू झाली. आता मोजणी उभ्या भिंतीची राहिली नाही, कागदावरील रेघांची झाली. स्पर्धेत उतरलेले पाच ठेकेदार तेच नकाशे पाच वेळा मोजत आणि त्यांतील चौघांचे श्रम वाया जात. म्हणून ते सर्व मिळून एकच मापक नेमू लागले. पुढे हा मापक मालकाने नेमावा असा प्रघात पडला. त्याने तयार केलेली परिमाणसूची सर्व ठेकेदारांस सारखीच मिळे आणि प्रत्येकाने तीत फक्त आपले दर भरावेत, अशी रीत रूढ झाली.

पूर्वमापनाच्या या विद्येचा मोठा कस लागला तो लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनात. १८३४ च्या आगीनंतर वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स बॅरी यांनी नव्या भवनाचा खर्च ७,२४,९८६ पौंड आणि अवधी सहा वर्षे सांगितला होता. १८५४ पर्यंत खर्चाचा अंदाज २१,६६,८४६ पौंडांवर गेला आणि काम तर त्यानंतरही चालूच राहिले. शेवटच्या पौंडापर्यंत काटेकोर असलेला पहिला आकडा तिपटीने चुकावा, ही गोष्ट मापनविद्येच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. बेरीज बिनचूक असणे वेगळे आणि कशाची बेरीज करावयाची ते आधी नेमके ठरलेले असणे वेगळे.

'कशाची' हा प्रश्न भाषेचा होता. एक मापक भिंत मोजताना खिडकीचे क्षेत्र वजा करी, दुसरा करीत नसे. एकाच्या 'खणणे' या शब्दात माती वाहून नेणे येई, दुसऱ्याच्या शब्दात येत नसे. १९२२ मध्ये मापकांच्या आणि बांधकाम-व्यावसायिकांच्या प्रतिनिधींनी मिळून मापनाचे सामाईक नियम प्रसिद्ध केले. त्यांची सातवी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली आणि पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमावलीने त्यांची जागा घेतली. या नियमावल्यांना एका मर्यादित भाषेचे व्याकरण म्हटले तर वावगे होणार नाही. भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी ठरावीक व्यवहारापुरत्या बंदिस्त झालेल्या भाषांना 'मर्यादित भाषा' म्हटले होते. परिमाणसूचीची भाषा हे तिचे चोख उदाहरण होय.

या भाषेत क्रियापद जवळजवळ नसते. 'पायाचे खोदकाम, खोली २ मीटरपेक्षा अधिक नाही' एवढेच तिचे वाक्य, आणि त्यापुढे घनमीटर. नवखा उमेदवार यातून खड्डा दोन मीटर खोल आहे असे वाचतो. वस्तुतः खड्डा कदाचित सव्वा मीटरच असेल. 'पेक्षा अधिक नाही' हे शब्द माप सांगत नाहीत, वर्ग सांगतात. त्यापुढील आकड्याचेही तसेच. समजा, चर १० मीटर लांब, ०.६० मीटर रुंद आणि १.२० मीटर खोल आहे. सूचीत ७.२० घनमीटर असे येईल. परंतु खणलेली माती फुगते. ती एक-चतुर्थांशाने फुगली तर वाहून नेण्यास ९ घनमीटर भरेल. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे सूचीत मात्र तिथेही ७.२० च लिहावयाचे, कारण माप नेहमी खणण्यापूर्वीच्या जमिनीचे धरावयाचे असा संकेत आहे. फुगवट्याचा खर्च ठेकेदाराने आपल्या दरात धरून ठेवावयाचा. ज्याला हा संकेत ठाऊक नाही त्याचा दर कमी पडेल, आणि तो कमी पडला हे त्याला माती भरलेली गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत कळणार नाही. नियमावलीत 'अंतर्भूत मानले आहे' अशा अर्थाचा एक प्रयोग पुन्हा पुन्हा येतो. तो जे जे गिळून टाकतो ते सूचीत उच्चारले जात नाही. पण त्याचे पैसे कोणाला तरी मोजावेच लागतात.

माप टिपण्याच्या जुन्या कागदावरही अशीच रचना होती. लांबी, रुंदी, उंची हे आकडे एकाखाली एक लिहावयाचे आणि खाली रेघ ओढावयाची. 'लांबी' किंवा 'रुंदी' हे शब्द कोठेही नाहीत. अर्थ केवळ क्रमावरून. मराठी वाक्यात कर्ता-कर्म पुढेमागे झाले तरी विभक्तिप्रत्यय अर्थ सांभाळून घेतात. या कागदावर प्रत्यय नाहीत, त्यामुळे क्रम चुकला की अर्थ चुकला. घनफळाला क्रमाने फरक पडत नाही हे खरे. पण सहा महिन्यांनी तोच कागद दुसऱ्याने वाचला तर त्याला भिंत कोणती आणि पाया कोणता हे क्रमावरूनच ओळखावे लागे. तेच माप अनेक ठिकाणी येत असेल तर डाव्या बाजूस गुणकाचा आकडा आणि तिरपी रेघ. आणखी पट हवी असेल तर त्याच्याही डावीकडे दुसरा. म्हणजे डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या लोकांनी हा एक कोपरा उजवीकडून डावीकडे वाढणारा ठेवला होता.

आता शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा. नकाशावरून माप 'काढणे' हे जुन्या कचेरीत अनुभवी माणसाचे काम होते. नवशिक्याकडे त्यानंतरची कामे येत: त्या मापांचे गुणाकार करणे, एकाच प्रकारच्या बाबी निरनिराळ्या पानांवरून वेचून एकत्र करणे, आणि शेवटी सूचीची प्रत लिहून काढणे. वरवर पाहता ही निव्वळ हमाली. पण हजारो वर्णने हाताखालून गेल्यावर कोणती वाक्ये एका जातीची आणि कोणती नुसती सारखी दिसणारी, हे त्याला न सांगता समजू लागे. जीन लेव्ह आणि एटीएन वेंगर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात लायबेरियातील शिंप्यांची जी उमेदवारी वर्णिली आहे तिचा क्रमही असाच उलटा आहे. शिष्य आधी गुंड्या लावतो, काठ दुमडतो, मग शिवतो आणि सर्वांत शेवटी कापड कापतो. जेथे चूक स्वस्त पडते तेथून आरंभ आणि जेथे ती महाग पडते तेथे शेवट. मापकाच्या कचेरीतही नवशिक्याचा गुणाकार चुकला तर तो तपासणाऱ्याच्या नजरेस येई. मूळ वर्णनच चुकले तर ते सहजी कोणाच्या नजरेस येत नसे.

संगणकाने नेमकी हीच खालची पायरी काढून घेतली. आज नकाशा पडद्यावर असतो. मापकाने रेघेवर बोट ठेवले की लांबी मिळते, आणि गुणाकार, वर्गवारी व सूची ही कामे आपोआप होतात. कचेरीचे श्रम वाचले यात शंका नाही. तथापि उमेदवार पूर्वी ज्या दाराने आत येत होता ते दार राहिलेले नाही. त्याला आता पहिल्याच वर्षी अनुभवी माणसाच्या कामाजवळ बसावे लागते आणि तयार वर्णनांच्या यादीतून वर्णन निवडावे लागते. निवडलेल्या वाक्यात काय गिळलेले आहे हे ती यादी त्याला सांगत नाही. पदवी-उमेदवारीची गरज आणि तिची अडचण या दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात.

तशी ही पद्धती अगदीच नवी नव्हे. १५६३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. तिची कलमे १८१४ मध्ये रद्द झाली. मापकांची मुले-पुतणे दीर्घकाळ कचेरीतच शिकत. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ इस्टेट मॅनेजमेंटने पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली, तेव्हा दिवसा कचेरी आणि रात्री धडे असा क्रम पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्णवेळ पदवीचा मार्ग प्रबळ झाला. २०१५ नंतर पुन्हा दोन्ही वाटा जवळ आल्या. (संस्कृतात 'पदवी' याचा मूळ अर्थ वाट असाच आहे.)

सर्वसाधारण मांडणी अशी की आठवड्याचे चार दिवस कचेरी आणि एक दिवस विद्यापीठ, असा क्रम सुमारे पाच वर्षे चालतो. आरंभी कामाच्या वेळेपैकी निदान वीस टक्के वेळ शिक्षणासाठी राखण्याचा नियम होता. २०२२ मध्ये त्याऐवजी आठवड्याला किमान सहा तास असा दंडक आला आणि २०२५ पासून प्रत्येक व्यवसायासाठी तासांची वेगळी संख्या ठरविण्यात आली. हे नियम पुन्हा पुन्हा बदलावे लागतात यातच त्यांची दुर्बलता दिसते. निविदा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात उमेदवाराचा विद्यापीठाचा दिवस खरोखर मोकळा राहील अशी हमी कोणताही नियम देऊ शकत नाही. दुसरी अडचण क्रमाची. विद्यापीठ कराराचा कायदा तिसऱ्या वर्षी शिकवते. कचेरीत मुदतवाढीचा वाद पहिल्याच महिन्यात येऊन पडतो. उमेदवार शब्द आधी ऐकतो आणि त्याचा अर्थ दोन वर्षांनी शिकतो. भाषा शिकणाऱ्या लहान मुलाचाही क्रम हाच असतो, त्यामुळे यात सर्वस्वी हानीच आहे असे म्हणवत नाही. मात्र ऐकलेल्या शब्दाचा अर्थ विचारता येईल असे वडीलधारे माणूस शेजारी हवे.

अखेरच्या परीक्षेचे स्वरूप या दृष्टीने लक्षणीय आहे. योजनेच्या पहिल्या दशकात ही परीक्षा म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेची व्यावसायिक पात्रतेची कसोटीच होती. उमेदवाराने आपल्या एका कामाविषयी ३,००० शब्दांचे निवेदन लिहावयाचे आणि परीक्षकांपुढे एक तास बसावयाचे. त्यांतील पहिली दहा मिनिटे स्वतः बोलावयाचे. प्रत्येक कौशल्याच्या तीन पातळ्या मानलेल्या: जाणणे, करणे आणि कारणांसह सल्ला देणे. तिसऱ्या पातळीवर व्याकरणातील पुरुषही बदलतो. कचेरीत सर्वजण 'आम्ही असे ठरविले' म्हणतात. परीक्षेत 'मी असा सल्ला दिला आणि तो या कारणासाठी' असे म्हणावे लागते. पाच वर्षे वडिलांच्या आड उभ्या राहिलेल्या तरुणाला हे सर्वनाम जड जाते. या तासात परीक्षकांना पाहावयाचे असते ते त्याने घेतलेल्या जबाबदारीचे माप.

सल्ल्याचा मोठा भाग 'प्रोक्युअरमेंट' या शब्दाखाली येतो. काम कोणाकडून, कोणत्या कराराने आणि कोणता धोका कोणाच्या माथी ठेवून करवून घ्यावे, याचा निर्णय म्हणजे प्रोक्युअरमेंट. 'खरेदी' हा शब्द त्यास अपुरा पडतो, कारण इमारत विकत घेते वेळी ती अस्तित्वातच नसते. मराठीतील प्रयोजक क्रियापद येथे उपयोगी पडते: बांधणारा एक, बांधवून घेणारा दुसरा, आणि या दोघांमध्ये काय ठरले ते लिहिणारा तिसरा. या क्षेत्रात एका शब्दाचे वजन किती असते याचे ताजे उदाहरण ब्रिटनच्या २०२३ च्या सार्वजनिक खरेदीविषयक कायद्यात सापडते. पूर्वीच्या नियमांत 'आर्थिकदृष्ट्या सर्वाधिक लाभदायक' निविदा स्वीकारावी असे म्हटले होते. २४ फेब्रुवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने 'आर्थिकदृष्ट्या' हा शब्द गाळला. जुन्या व्याख्येतही गुणवत्तेला स्थान होतेच; परंतु त्या एका शब्दाने अधिकाऱ्याची दृष्टी सर्वांत कमी किमतीकडे ओढली जाते, असा आक्षेप होता. उमेदवार आज जो निविदा-अहवाल लिहितो त्यात 'लाभ' म्हणजे काय हे आता त्यालाच उलगडून सांगावे लागते.

या योजनेतील खरी जोखीम मात्र अभ्यासक्रमात नाही. उमेदवाराचे शिक्षण मालकाच्या नोकरीला टांगलेले असते, आणि बांधकामाचा धंदा चढउतारांचा आहे. १५ जानेवारी २०१८ रोजी कॅरिलियन ही प्रचंड ब्रिटिश कंपनी बुडाली तेव्हा तिच्या पदरी हजाराहून अधिक शिकाऊ उमेदवार होते. ते बहुतांशी कारागिरीचे उमेदवार असले तरी धडा सर्वांना सारखाच होता. पूर्णवेळ विद्यार्थ्यावर कर्ज होते, पण त्याचे महाविद्यालय एका सकाळी बंद पडत नाही. दुसरा आक्षेप असा की, शुल्कमाफीची ही वाट गरिबांसाठी म्हणून वाखाणली गेली, तरी जागा थोड्या असल्यामुळे माहितगार, सुस्थित घरांतील मुलेच तिच्यावर आधी पोचतात. 'उमेदवार' या मराठी शब्दातील आशा येथे इंग्रजांच्याही वाट्याला आलेली दिसते.

महाराष्ट्रात मापकाचा व्यवसाय असा स्वतंत्र वाढला नाही. सरकारी बांधकामात ते काम अभियंतेच करीत आले. मापनाचे नियम मात्र येथेही आहेत. भारतीय मानक १२०० प्रथम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. गिलाव्याविषयीचा त्यातील नियम मोठा मार्मिक आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करावयाचे नाही; अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचे उघडे क्षेत्र भिंतीच्या एकाच अंगाचे वजा करावयाचे; त्याहून मोठे असेल तर दोन्ही अंगांचे वजा करून कडांचा गिलावा वेगळा मोजावयाचा. म्हणजे १.२० मीटर रुंद आणि १.५० मीटर उंच खिडकीचे क्षेत्र १.८० चौरस मीटर. ते एका बाजूस वजा होते आणि दुसऱ्या बाजूस राहू दिले जाते, कारण खिडकीच्या कडा गिलावण्याचे श्रम त्यात भागतात. गवंड्याच्या थापीचा हिशेब नियमात असा मुरलेला आहे.

वर्णनाची शैली मात्र इंग्लंडहून वेगळी पडली. इंग्लंडमध्ये नियमावली बोलते, म्हणून वाक्य आखूड. येथील दरसूचीतील इंग्रजी वर्णन 'प्रोव्हायडिंग अँड लेइंग' किंवा 'प्रोव्हायडिंग अँड फिक्सिंग' असे धातुसाधितांनी सुरू होते; साहित्य, मजुरी, परांची, पाणी मारणे असे सर्व काही पोटात घेत सात-आठ ओळी चालते आणि 'कम्प्लीट' या शब्दापाशी थांबते. जे तिकडे पुस्तकात गृहीत असते ते इकडे वाक्यातच कोंबलेले असते. आणि कामावर त्याच वस्तूचे बोलणे तिसऱ्याच भाषेत चालते: दरसूचीत घनमीटर, पण खडीची गाडी सांगताना ब्रास, म्हणजे शंभर घनफूट किंवा सुमारे २.८३ घनमीटर.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून असे अभ्यासक्रम आपल्याकडेही आखले जात आहेत. बांधकामाच्या क्षेत्रात ते आखणाऱ्यांनी उमेदवाराच्या हाती प्रथम कोणता कागद द्यावयाचा हे आधी ठरविणे इष्ट. मोजमाप-पुस्तिका हा त्यासाठी सुचणारा कागद होय. तिची पाने क्रमांकित असतात, नोंद शाईने होते, खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेघेने छेदून त्यावर सही करावी लागते. उमेदवाराला त्या पुस्तिकेत लिहिण्याचा अधिकार नाही आणि तो असूही नये. पण फितीचे दुसरे टोक धरून माप मोठ्याने सांगणे, त्याच दिवशी आपल्या वहीत तीच बाब स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि संध्याकाळी ती अभियंत्याच्या नोंदीशी ताडून पाहणे, एवढे त्याला पहिल्या आठवड्यापासून करता येते.